मेडिक्लेम परवडत नसेल तर: महाराष्ट्रात कमी खर्चात उपचार कसे मिळवायचे, पायरी पायरीने

साठी ओलांडलेल्या आईवडिलांसाठी मेडिक्लेम घ्यायला गेलेली माणसे हप्त्याचा आकडा ऐकूनच परत फिरतात. त्यात साखर किंवा बीपी असले तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला हे चांगलेच झाले, पण मूळ हप्ताच झेपत नसेल त्या घराला त्याचा काय उपयोग?

माझ्या वडिलांना बायपास सांगितली तेव्हा आमच्या घरात कुणाचाही विमा नव्हता. ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झाले आणि व्यवस्थित झाले. पण त्यासाठी इतके उंबरठे झिजवावे लागले, की पुढे नात्यात, चाळीत कुणाला दवाखाना लागला की फोन मलाच यायला लागला. फोनवर जे सांगत आले ते सगळे इथे एका जागी मांडते आहे.

सगळ्यात महत्त्वाचे आधी सांगते. खाली दिलेली जवळपास प्रत्येक सवलत दाखल होण्याआधी किंवा दाखल असतानाच मागावी लागते. बिल भरून घरी आल्यावर पावत्यांची फाईल घेऊन गेलात तर पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे खरी तयारी घरात सगळे ठणठणीत असतानाच करायची आहे.

## १. घरातल्या प्रत्येक माणसाचे वेगळे बघा

एकाच घरात आजीला एक योजना लागू होते, मुलाला दुसरी आणि सुनेला तिसरी. एका कागदावर सगळ्यांची नावे लिहा आणि प्रत्येकापुढे हे तपासा:

- घरातला कुणी दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी नोकरीला आहे आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे? मग ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. हे सगळ्यात आधी बघा, कारण त्याचे संरक्षण सगळ्यात मोठे आहे.
- कुणाचे वय आधारकार्डाप्रमाणे ७० पूर्ण झाले आहे? मग आयुष्मान वय वंदना कार्ड.
- महाराष्ट्राचे रेशनकार्ड आहे? पिवळे, केशरी, पांढरे, कुठलेही? मग महात्मा फुले जन आरोग्य योजना.
- कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख ६० हजारांच्या आत आहे? मग धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा.
- घरात १८ वर्षांखालचे मूल आहे आणि जन्मतः काही दोष आहे? मग राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येणारे पथक याच कार्यक्रमाचे असते. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल अशा दोषांवरच्या शस्त्रक्रिया त्यातून मोफत होतात.

सरकारी नोकर आणि पेन्शनर यांची व्यवस्था वेगळी आहे, ती इथे घेत नाही.

## २. कागदपत्रे आजच काढायला घ्या

लागणारी कागदपत्रे अशी:

- रेशनकार्ड, बारा अंकी ऑनलाइन नंबर असलेले
- घरातल्या प्रत्येकाचे आधारकार्ड, चालू मोबाइल नंबर जोडलेले
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- रहिवासी किंवा अधिवास दाखला
- लहान मुलांचे जन्मदाखले
- बँक पासबुकाची झेरॉक्स आणि प्रत्येकाचे चार पासपोर्ट फोटो
- आजार आधीपासून असेल तर जुन्या केसपेपरांची आणि रिपोर्टांची फाईल, तारखेप्रमाणे लावलेली

यादी साधी दिसते, पण गाडी अडते ती इथेच. रेशनकार्डावर ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’, एकीकडे माहेरचे आडनाव आणि दुसरीकडे सासरचे, जन्मतारखेच्या जागी नुसतेच वर्ष. दवाखान्याच्या काउंटरवर संगणक जुळणी नाकारतो आणि तिथला माणूस काही करू शकत नाही. दोन्ही कार्डे आत्ता शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवून बघा. चूक दिसली तर शक्यतो आधार सुधारा, ते लवकर होते.

दुसरी अडचण नव्या सुनेची आणि नव्या बाळाची. लग्न होऊन वर्षे लोटतात, माहेरच्या रेशनकार्डावरचे नाव कमी होत नाही आणि सासरच्या कार्डावर चढत नाही. मग बाळंतपणानंतर बाळाला अतिदक्षता विभागात ठेवायची वेळ येते आणि आईचेच नाव कुठल्या कार्डावर नीट नसते. नाव कमी केल्याचा दाखला घेऊन तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज करा. मुंबईत हेच काम शिधावाटप कार्यालयात होते.

उत्पन्नाचा दाखला आपले सरकार पोर्टलवरून किंवा महा-ई-सेवा केंद्रातून काढता येतो. तलाठ्याचा उत्पन्न अहवाल, रेशनकार्ड, आधार आणि स्वयंघोषणापत्र लागते. पंधरवडा धरून चला. दाखला ३१ मार्चला संपतो, त्यामुळे दरवर्षी एप्रिल-मेमध्ये नवा काढून ठेवा. जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशांची गर्दी सुरू झाली की केंद्रावर रांग हटत नाही.

## ३. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान कार्ड

राज्यात ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. जुने लोक अजूनही ‘जीवनदायी’ म्हणतात, योजनेचे संकेतस्थळही त्याच नावाचे आहे. पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांना, काही जिल्ह्यांतले शेतकरी सोडले तर, जागाच नव्हती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा पाच लाखांवर गेली आणि राज्यातली सगळी रेशनकार्डधारक कुटुंबे त्यात आली. हा बदल १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तरीही ‘आमचे पांढरे कार्ड आहे, आम्हाला काही मिळत नाही’ असे म्हणणारे आजही रोज भेटतात. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यांना हे आवर्जून सांगा.

कार्ड काढायची रीत सोपी आहे. मोबाइलवर आयुष्मान ॲप घ्या, आधार किंवा रेशनकार्डाच्या नंबरवरून नाव शोधा, ओटीपी किंवा चेहरा दाखवून ई-केवायसी करा आणि कार्ड उतरवून घ्या. ॲप जमत नसेल तर गावातल्या आशाताई किंवा सेवा केंद्र चालवणारा माणूस करून देतो. कार्ड प्रत्येक माणसाचे वेगळे निघते, पाच लाख मात्र सगळ्या कुटुंबात मिळून असतात.

सत्तरी पूर्ण झालेल्यांचे मात्र वेगळे आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना वय वंदना कार्ड मिळते आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. घरचे आधीचे पाच लाख असतील तर आजी-आजोबांना आणखी पाच लाख स्वतंत्र मिळतात. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येते. यासाठी आधार पुरते, त्यामुळे त्यावरची जन्मतारीख बरोबर आहे ना, हे आधी बघा.

आता योजनेत काय बसत नाही, तेही समजून घ्या. ही दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची योजना आहे. बाहेरच्या बाहेर डॉक्टरला दाखवणे, रोजच्या गोळ्या, नुसती तपासणी म्हणून काढलेला एमआरआय यांचा खर्च ती देत नाही. उपचारांची ठरलेली यादी आहे. विस्तार झाला तेव्हा तिच्यात १,३५६ उपचार होते आणि त्यांतले ११९ फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव होते. यादीत नंतर बदल होत राहतात, म्हणून नेमका तुमचा उपचार आज यादीत आहे का, हे योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारून घ्या.

आणि इथेच सगळ्यांची मोठी फसगत होते. ‘हे हॉस्पिटल योजनेत आहे’ एवढे ऐकून पेशंटला तिकडे नेतात. रुग्णालय योजनेत असते ते ठरावीक विभागांपुरते. हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असलेल्या रुग्णालयात हृदयाचे ऑपरेशन योजनेतून होईलच असे नाही. फोनवर प्रश्न असा विचारा: ‘अमुक आजाराच्या अमुक ऑपरेशनसाठी माझ्या जिल्ह्यात योजनेत कुठली रुग्णालये आहेत?’

## ४. दाखल व्हायच्या दिवशी: आधी आरोग्यमित्र

योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचे काम बघणाऱ्या माणसाचा, टेबल असतो. बहुतेक वेळा तळमजल्यावर, केसपेपरच्या खिडकीजवळ. पेशंटला खाट मिळायच्या आधी घरच्या एका माणसाने तिथे जाऊन उभे राहायचे. घरातल्या तरुण, शांत डोक्याच्या माणसाला हे काम द्या. पेशंटजवळ दुसऱ्याला बसवा.

क्रम असा असतो:

अ) आरोग्यमित्र कार्ड आणि आधार बघून पात्रता तपासतो आणि नोंदणी करतो. ऐनवेळी आयुष्मान कार्ड नसले तरी रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, पात्रता तिथे तपासता येते.

ब) डॉक्टर तपासून उपचार ठरवतात. अँजिओग्राफी, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट जोडून मंजुरीची मागणी ऑनलाइन पाठवली जाते.

क) मंजुरी आली की उपचार सुरू होतात. साध्या प्रकरणात चोवीस तासांत निर्णय येणे अपेक्षित असते. शंका काढली गेली तर एखादा रिपोर्ट पुन्हा मागतात. अशा वेळी ‘नामंजूर’ आणि ‘शंका’ यांत गोंधळू नका. शंका आली असेल तर कुठला कागद हवा ते विचारून लगेच द्या.

ड) तातडीचे प्रकरण असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागदपत्रे नंतर देता येतात. हार्ट ॲटॅकच्या पेशंटला ‘मंजुरी येईपर्यंत थांबा’ असे कुणी सांगत असेल, तर तातडीच्या मंजुरीची मागणी पाठवली आहे का, हे स्पष्ट विचारा.

वडिलांच्या वेळी आम्हाला असा अनुभव आला. मंजुरीची वाट बघत असताना बिलिंग काउंटरवरून निरोप आला, ‘तोवर डिपॉझिट भरा, नंतर ॲडजस्ट करू.’ मी आरोग्यमित्राला गाठले आणि नोंदणी क्रमांक असलेला कागद काउंटरवर ठेवला. त्यानंतर डिपॉझिटचा विषय पुन्हा निघाला नाही. तो नोंदणी क्रमांक लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. पुढच्या प्रत्येक तक्रारीला तोच लागतो.

याच टप्प्यावर लक्षात ठेवायच्या आणखी काही गोष्टी:

- सह्यांच्या गठ्ठ्यात ‘मी स्वखुशीने योजनेबाहेर उपचार घेत आहे’ असा कागद सरकवला जाऊ शकतो. प्रत्येक कागद वाचून मगच सही करा. घाई करत असतील तरी वाचा.
- ‘योजनेच्या खाटा भरल्या’ हे उत्तर मिळाले तर किती खाटा राखीव आहेत ते विचारा. योजनेतल्या खासगी रुग्णालयाने २५ टक्के खाटा योजनेसाठी ठेवायच्या असतात.
- ‘स्टेंट योजनेचा साधा असतो, चांगला हवा तर वरचे पैसे द्या’ असे सांगितले जाते. स्टेंट, औषधे, जेवण, तपासण्या हे सगळे पॅकेजमध्ये धरलेले असते. वरचे पैसे मागितले तर पावती मागा. पावती देत नसतील तर १५५३८८ ला फोन लावा.
- घरी सोडताना पुढच्या काही दिवसांची औषधे आणि फेरतपासणी पॅकेजमध्ये असते. डिस्चार्ज कार्डावर फेरतपासणीची तारीख लिहून घ्या.

## ५. धर्मादाय रुग्णालयाची राखीव खाट

योजनेच्या यादीत तुमचा उपचार नसेल, किंवा ज्या डॉक्टरकडे जायचे आहे ते रुग्णालय योजनेत नसेल, तर ही वाट. लोकांना ती फारशी माहीत नाही आणि मला सगळ्यात जास्त बोलावेसे वाटते ते हिच्याबद्दलच.

मुंबईतले लीलावती, जसलोक, हिंदुजा, पुण्यातले रुबी हॉल, जहांगीर, दीनानाथ मंगेशकर ही नावे ऐकली की आपण म्हणतो, ‘हे आपल्यासाठी नाही.’ पण ही विश्वस्त संस्थांची रुग्णालये आहेत, सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली. त्यांना मिळणाऱ्या सवलतींच्या बदल्यात गरीब पेशंटवर उपचार करणे ही त्यांची कायदेशीर जबाबदारी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक तसे सांगते आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने त्याची पक्की योजना ठरली. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत. म्हणजे मुंबई-पुण्याबाहेरही तुमच्या जिल्ह्यात एखादे असण्याची शक्यता बरीच.

नियम असा:

- एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, पूर्ण मोफत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत.
- आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी, सवलतीच्या दरात. उत्पन्न ३ लाख ६० हजारांपर्यंत.
- याचा खर्च भागवायला रुग्णालय इतर पेशंटांच्या बिलातून २ टक्के रक्कम बाजूला काढते. त्याला निर्धन रुग्ण निधी म्हणतात. म्हणजे तुम्ही कुणाकडे हात पसरत नाही, तो निधी त्याच कामासाठी असतो.

जायचे कुणाकडे? रिसेप्शनवर विचारलेत तर बहुतेकदा ‘माहीत नाही’ हेच ऐकू येईल. थेट समाजसेवा अधिकाऱ्याचे, म्हणजे वैद्यकीय समाजसेवकाचे ऑफिस विचारा. तिथे निर्धन किंवा दुर्बल घटकाचा अर्ज भरा. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचा दाखल करण्याचा सल्ला जोडा. अर्जाची एक प्रत तारीख-शिक्क्यासह परत घ्या. तोंडी नकार ऐकून घरी जाऊ नका, ‘लेखी द्या’ म्हणा. एवढ्यानेच काही वेळा खाट निघते.

‘खाट शिल्लक नाही’ म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रुग्णालयनिहाय शिल्लक राखीव खाटा बघता येतात. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करा.

आणीबाणीत तर आधी दाखल करून पेशंटची तब्येत स्थिर करणे बंधनकारक आहे. अशा वेळी डिपॉझिटसाठी अडवून ठेवता येत नाही, कागदपत्रे मागाहून देता येतात.

एक सूचना कळकळीने करते. खासगी खोलीत दाखल होऊन आठ दिवसांचे बिल चढले, की मग समाजसेवकाकडे धाव घेणारे फार असतात. तोवर पेशंट साध्या पेशंटच्या खात्यात नोंदलेला असतो आणि मागचे बिल माफ करून घेणे जवळपास अशक्य होते. पहिल्याच दिवशी, जनरल वॉर्डातच दाखल व्हा आणि त्याच दिवशी अर्ज द्या.

## ६. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयसी

पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. पंधरा हजार पगार असेल तर तुमच्या खिशातून महिन्याला फक्त ११२ रुपये ५० पैसे जातात. त्यावर स्वतःला, नवरा-बायकोला, मुलांना आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांना उपचार मिळतात आणि उपचारांच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. आजारपणात कामावर जाता आले नाही तर पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. एवढ्या पैशात एवढे संरक्षण देणारे दुसरे काहीही मी पाहिलेले नाही.

पगाराची पावती उघडा आणि ईएसआय कापला जातो का बघा. कापला जात असेल तर मालकाकडून ई-पहचान कार्ड मागून घ्या आणि त्यावर कुटुंबातल्या सगळ्यांची नावे आहेत ना, हे तपासा. पैसे कापले जातात, पण आईवडिलांची नावे टाकलेलीच नसतात असे सर्रास दिसते. कंत्राटी कामगार, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, दुकानातले सेल्समन यांनी तर हे नक्की विचारावे.

पगार वाढून २१,००० च्या वर गेला तरी लगेच नाव निघत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे सहामाही काळ असतात. चालू काळ संपेपर्यंत वर्गणी आणि हक्क दोन्ही चालू राहतात. आणि किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्यांना वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. गिरणीतून, कारखान्यातून निवृत्त झालेल्या कितीतरी काकांना हे कुणी सांगितलेलेच नसते.

## ७. सरकारी दवाखाना

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या, उपचार सगळे मोफत आहे. ससून, जे. जे. यांसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या विभागाकडे येतात, तिथे थोडे शुल्क लागते. महापालिकेच्या रुग्णालयांचे दर त्यांचे स्वतःचे असतात.

किडनीच्या पेशंटने जिल्हा रुग्णालयातल्या डायलिसिस केंद्रात नाव नोंदवावे. बाळंतपण, सिझेरियनसह, सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत त्याचे आजारही त्यात बसतात. तातडीला १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते. चालक कुठल्या खासगी रुग्णालयाचे नाव सुचवू लागला तर तुम्हाला हव्या त्या सरकारी किंवा योजनेतल्या रुग्णालयाचे नाव ठामपणे सांगा.

## ८. रोजच्या औषधांचा खर्च

दाखल व्हावे लागणे क्वचितचे, पण बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला लागतात आणि त्यांना फुले योजना किंवा आयुष्मान कार्ड पैसे देत नाही. त्यासाठी जनऔषधी केंद्र. औषधे ब्रँडच्या मानाने निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

डॉक्टरांना सांगा, ‘चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून द्या.’ गोळीच्या पाकिटावर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरांत जे लिहिलेले असते ते मूळ नाव, आणि त्यापुढे मिलिग्रॅमचा आकडा. दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. मिलिग्रॅम वेगळे असेल तर गोळी अर्धी करून घ्या असे कुणी सांगितले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसे करू नका. जनऔषधी सुगम हे ॲप जवळचे केंद्र आणि किंमत दाखवते. सगळी औषधे तिथे मिळतीलच असे नाही. जी मिळतील ती तिथून घ्या, उरलेली बाहेरून.

## ९. तरीही पैसे कमी पडले तर

मुख्यमंत्री सहायता निधीत ठरावीक गंभीर आजारांसाठी मदत मिळते. त्यासाठी उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवे. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक आणि पेशंट दाखल असतानाचा जागा दाखवणारा जिओ-टॅग फोटो लागतो. खासगी रुग्णालय असेल तर अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही हवी. अपघात असेल तर पोलिसांचा कागद हवा. रुग्णालय निधीच्या यादीत आहे का, हे आधी बघा. पैसे थेट रुग्णालयाला जातात, डिस्चार्जनंतर मिळत नाहीत.

मुंबईचा सिद्धिविनायक न्यासही वैद्यकीय मदत करतो. मोठ्या रुग्णालयांतल्या समाजसेवकाकडे अशा न्यासांची यादी आणि अर्ज तयार असतात. तिथे मागा, स्वतः गावभर शोधत फिरू नका. आणि ‘मंत्रालयात ओळख आहे, काम करून देतो’ म्हणत टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. यातल्या एकाही अर्जाला दलाल लागत नाही.

## १०. वर्षाला थोडे पैसे बाजूला निघत असतील तर

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला दोन लाख देते. बँकेत अर्ज भरून टाका, पण दवाखान्याचे बिल ती देत नाही. ‘बँकेतून विमा कापला जातो’ म्हणून निर्धास्त राहणारे असतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

बचत गटांच्या आणि श्रमिकांच्या संघटनांमध्ये परस्पर साहाय्याचे आरोग्य निधी असतात. पुण्यात अन्नपूर्णा परिवाराने आपल्या सभासद महिलांसाठी असा निधी चालवला आहे. सभासद वर्गणी भरतात आणि त्यातूनच एकमेकींच्या दवाखान्याला हातभार लागतो. तुमच्या भागात असे काही असेल तर गेल्या वर्षी किती जणींना किती रक्कम दिली, ते विचारून मगच वर्गणी भरा.

सुपर टॉप-अप पॉलिसीचा हप्ता साध्या मेडिक्लेमपेक्षा पुष्कळ कमी असतो. ठरलेल्या रकमेच्या वरचे बिल ती देते. खालचा खर्च कुठून होणार याची सोय असेल त्यांनीच तिचा विचार करावा.

आणि एका गोष्टीपासून लांब राहा. बाजारात ‘हेल्थ कार्ड’ विकायला येतात: दोन-तीन हजार भरा, अमुक रुग्णालयांत सूट. हा विमा नव्हे. कागदावर विमा कंपनीचे नाव, इर्डाचा (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) नोंदणी क्रमांक, पॉलिसी क्रमांक आणि विमा रक्कम या चारही गोष्टी नसतील तर पैसे देऊ नका.

गोव्यात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी: तिथे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. पाच वर्षांचा रहिवास हवा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण मिळते.

## ११. अडवले तर कुठे जायचे

फुले योजनेसाठी १५५३८८, आयुष्मान आणि वय वंदना कार्डासाठी १४५५५, ईएसआयसीसाठी १८०० ११ २५२६. फोन करताना रुग्णालयाचे नाव, नोंदणी क्रमांक, कुणी काय म्हटले आणि किती वाजता, एवढे समोर ठेवा. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. जिल्ह्यात योजनेचा समन्वयक असतो, त्याचा नंबर आरोग्यमित्राकडून पहिल्याच दिवशी मागून घ्या. धर्मादाय रुग्णालयाची तक्रार जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखीच द्या. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. ती दिसली नाही तर त्याचाही तक्रारीत उल्लेख करा.

पैसे भरलेच असतील तर प्रत्येक पावती जपून ठेवा. योजनेत नोंदणी झालेल्या पेशंटकडून घेतलेले पैसे तक्रारीनंतर रुग्णालयाला परत करावे लागल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत, पण ज्यांच्याकडे पावती होती त्यांनाच ते मिळाले.